जड पाणी, पॅलेडियम आणि ट्रॉम्बे : कोल्ड फ्युजन संशोधनाचा इतिहास

(सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



१९८९ साली जगभर एक बातमी गाजली. अमेरिकेतल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सांगितलं, की आम्ही काचेच्या भांड्यात, टेबलावर, खोलीच्या तापमानाला अणुसंमीलन घडवून आणलं. सूर्याच्या पोटात जे चालतं ते बरणीत! या बातमीमागे जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा धावल्या. त्यांत आपल्या मुंबईच्या ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बीएआरसी, अगदी पुढच्या रांगेत होतं. तिथं काय सापडलं, जगानं ते का मानलं नाही आणि मग ते काम का विरून गेलं, हा आजचा विषय आहे.

हा विषय सास्तूरला कशाला, असं कुणाच्या मनात येईल. त्याला कारण आहे. निसर्गातली एखादी मोठी गोष्ट एकदाच घडते आणि आपण म्हणू तेव्हा परत घडत नाही, हे या गावाला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. तो भूकंप कुठल्याही प्रयोगशाळेत पुन्हा करून दाखवता येणार नाही. म्हणून तो झालाच नाही, असं कुणी म्हणतं का? नाही म्हणत. तुम्ही तो भोगलात, हे तर आहेच. पण ज्यांनी हा भाग कधी पाहिलेला नाही, त्यांच्याही यंत्रांवर त्याची नोंद झाली. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या, दूरदूरच्या भूकंपमापकांनी एकच वेळ आणि एकच ठिकाण सांगितलं.

तेव्हा कसोटी काय ठरली? एकदाच घडलेल्या गोष्टीलाही पुरावा असू शकतो, पण साक्षीदार स्वतंत्र पाहिजेत. एवढं आज घरी जाईपर्यंत लक्षात ठेवा. सगळी गोष्ट याच कसोटीवर तोलायची आहे.

ऊब आणि राख

आधी थोडं विज्ञान, फार नाही.

साध्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक अणू वजनानं दुप्पट असतो. त्याला ड्यूटेरियम म्हणतात. हा जड हायड्रोजन वेगळा काढून जे पाणी करतात ते जड पाणी. ड्यूटेरियमची दोन केंद्रकं एकत्र आली तर प्रचंड ऊर्जा सुटते. अडचण अशी, की दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना ढकलतात. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असतं आणि भयंकर दाब असतो, म्हणून तिथं संमीलन चालतं. पृथ्वीवर ते करायचं तर याहून जास्त तापवावं लागतं.

आता चुलीचं उदाहरण घेऊ. खोलीत ऊब आहे, एवढ्यावरून चूल पेटली होती असं आपण म्हणू शकतो. पण दुपारचं ऊन आत आलं असेल तरी ऊब राहते. चुलीत काय जळलं, हे राख सांगते. लाकडाची राख वेगळी, गोवरीची वेगळी. अणुसंमीलनालाही राख असते. ड्यूटेरियमची दोन केंद्रकं एकत्र आली की पुढे तीन वाटा फुटतात. एका वाटेनं हेलियम-३ आणि न्यूट्रॉन मिळतो. दुसऱ्या वाटेनं ट्रिटियम, म्हणजे तिप्पट वजनाचा किरणोत्सारी हायड्रोजन, आणि प्रोटॉन मिळतो. या दोन वाटा जवळजवळ समसमान चालतात. तिसरी वाट हेलियम-४ आणि गॅमा किरणाची. ती फार दुर्मीळ, कोटीत एखाद्या वेळची.

यावरून हिशेब मांडता येतो. संमीलनातून फक्त एक वॅट उष्णता निघाली, म्हणजे विजेरीच्या छोट्या बल्बाइतकी, तरी दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. तेवढे न्यूट्रॉन बाहेर पडले तर शेजारी उभा असलेला माणूस धडधाकट राहणार नाही.

पॅलेडियमची जुनी सवय

पॅलेडियम हा चांदीसारखा दिसणारा महाग धातू. १८६६ साली थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं, की तो स्पंजासारखा हायड्रोजन पितो. स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट वायू तो पोटात घेतो. मग साहजिकच कुणालाही वाटावं, की धातूच्या आत इतकी दाटी झाल्यावर केंद्रकं एकमेकांना भेटत असतील का?

हे १९८९ च्या आधीही लोकांना वाटलं होतं. १९२६ साली बर्लिनमध्ये पानेथ आणि पीटर्स यांनी जाहीर केलं, की पॅलेडियममध्ये हायड्रोजनचं हेलियम झालेलं आम्हाला सापडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी तो निष्कर्ष मागे घेतला. तापवल्यावर उपकरणाच्या काचेतून आणि अ‍ॅस्बेस्टॉसमधून थोडा हेलियम सुटत होता, तोच त्यांनी मोजला होता. राख होती, पण दुसऱ्याच्या चुलीतली. ही साठ वर्षांपूर्वीची ठेच १९८९ मध्ये फार थोड्या लोकांना आठवत होती.

२३ मार्च १९८९

त्या दिवशी युटा विद्यापीठात पत्रकार परिषद झाली. मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स. फ्लाइशमन काही ऐरागैरा माणूस नव्हता. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचा सभासद, विद्युतरसायनात नावाजलेला. प्रयोगाची मांडणी दिसायला साधी होती. जड पाण्यात लिथियमचा क्षार, एक पॅलेडियमची कांडी, भोवती प्लॅटिनमची तार आणि वीज. म्हणजे शाळेत पाण्याचं विघटन करतात तसंच. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर येते, आणि रसायनशास्त्रात तिचं उत्तर मिळत नाही.

ऊब त्यांच्याकडे होती. राख फार कमी, आणि जी होती ती वादग्रस्त. एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या गॅमा किरणांच्या आलेखातल्या चुका दाखवल्या. जॉर्जिया टेकच्या गटानं न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच मागे घेतलं, कारण त्यांचं मोजणीयंत्र उष्णतेनंच खोटे आकडे दाखवत होतं. १ मे रोजी बाल्टिमोरच्या बैठकीत कॅलटेकच्या लोकांनी उघड टीका केली. ब्रिटनमधल्या हारवेलनं काही महिने प्रयोग केले, हाती काही लागलं नाही, आणि जूनमध्ये काम बंद केलं. नोव्हेंबरात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या समितीनं सांगितलं, की यासाठी खास केंद्र वा खास निधी नको, फार तर नेमक्या प्रयोगांना साधारण मदत द्यावी.

आठ महिन्यांत जगाचा निकाल लागला. या आठ महिन्यांत ट्रॉम्बेला काय चाललं होतं?

ट्रॉम्बेच का?

त्या वेळी बीएआरसीचे संचालक होते पी. के. अय्यंगार. १९७४ च्या पोखरण चाचणीतलं नाव म्हणून ते आपल्याला माहीत असतात, पण त्यांचा पिंड न्यूट्रॉन भौतिकीचा. तरुणपणी कॅनडात त्यांनी बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम केलं होतं. ब्रॉकहाउस यांना पुढे नोबेल मिळालं. न्यूट्रॉन मोजणं म्हणजे काय हे अय्यंगारांना दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. त्यांच्या जोडीला न्यूट्रॉन भौतिकी विभागाचे एम. श्रीनिवासन. इथं नावाचा घोटाळा होतो म्हणून सांगतो. त्याच काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष एम. आर. श्रीनिवासन होते. ते वेगळे.

दुसरी गोष्ट जड पाणी. भारताच्या अणुवीज कार्यक्रमाचा पाया जड पाण्याच्या भट्ट्यांवर घातलेला आहे. ट्रॉम्बेच्या सायरस आणि ध्रुव या दोन्ही संशोधन भट्ट्या जड पाणी वापरणाऱ्या. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. परदेशात कित्येक विद्यापीठांना जड पाणी बाटलीनं विकत आणावं लागत होतं. इथं ते घरचं होतं.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भट्टीतल्या जड पाण्यावर न्यूट्रॉनचा मारा होऊन त्यात हळूहळू ट्रिटियम तयार होतं. कामगारांच्या सुरक्षेसाठी ते रोज मोजावं लागतं. म्हणून ट्रिटियम मोजणारी सराईत माणसं आणि यंत्रं ट्रॉम्बेला जितकी होती तितकी जगात फार थोड्या ठिकाणी होती.

या तीन गोष्टींमुळे ट्रॉम्बेनं एक शहाणा निर्णय घेतला. सारं जग ऊब मोजत होतं; ट्रॉम्बेनं मुख्यतः राख शोधायची ठरवलं. कॅलरीमीटरच्या भांडणात फारसं पडायचं नाही. न्यूट्रॉन आहेत का आणि ट्रिटियम आहे का, एवढं बघायचं.

२१ एप्रिल आणि नंतर

प्रयोगशाळेत हायड्रोजन वायू तयार करण्यासाठी वापरतात ते बाजारात मिळणारं मिल्टन रॉय कंपनीचं एक यंत्र त्यांच्याकडे होतं. त्यात पॅलेडियम-चांदीच्या मिश्रधातूच्या नळ्या असतात. त्यात साध्याऐवजी जड पाणी भरलं. वेगवान न्यूट्रॉनसाठी एक आणि मंद न्यूट्रॉनसाठी दुसरी, अशी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी मोजणीयंत्रं शेजारी लावली. २१ एप्रिल १९८९ रोजी न्यूट्रॉनचे झोत नोंदले गेले. युटाच्या बातमीला महिनाही झाला नव्हता. नंतर त्या द्रवात ट्रिटियम तपासलं, तर ते मूळच्या हजारो पट वाढलेलं निघालं.

मग काम पसरलं. केंद्राच्या वेगवेगळ्या विभागांतले दहापेक्षा जास्त गट, पन्नासच्या आसपास शास्त्रज्ञ आणि अभियंते. कुणी पॅलेडियमवर, कुणी टायटेनियमवर. कुणी विद्युतविघटनानं, तर कुणी नुसता ड्यूटेरियम वायू धातूत मुरवून. टायटेनियमच्या छोट्या चकत्यांवर अंधारात क्ष-किरणांची फिल्म ठेवली. फिल्म धुतल्यावर सगळीकडे सारखा करडेपणा यायला हवा होता. पण तिच्यावर ठिपके आले. म्हणजे किरणोत्सार चकतीवर जागोजागी, काही ठरावीक बिंदूंपाशीच एकवटलेला होता.

जुलै १९८९ मध्ये कार्ल्सरुहच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अय्यंगारांनी हे मांडलं. डिसेंबरात अय्यंगार आणि श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल निघाला, बीएआरसी-१५००. त्याचे तीन भाग : विद्युतविघटनाचे प्रयोग, वायू मुरवण्याचे प्रयोग आणि सैद्धांतिक लेख. १९९० मध्ये 'फ्युजन टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात त्याचा गोषवारा छापून आला. त्यातलं विधान ठाम होतं : धातूच्या स्फटिकजालात, साध्या तापमानाला, संमीलन घडतं याला आमच्या कामानं पुष्टी मिळते.

अडचण कुठे आली?

आता आपली कसोटी काढा. ट्रॉम्बेच्या आकड्यांवर तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न भौतिकीचा. मघाशी सांगितलं की न्यूट्रॉनची वाट आणि ट्रिटियमची वाट समसमान चालते. ट्रॉम्बेच्या प्रयोगांत एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे अणू कोटींच्या घरात निघाले. हा फरक इतका प्रचंड आहे, की दोनच शक्यता उरतात. एक तर धातूच्या आत काहीतरी अगदी नवीन घडतंय, जे पाठ्यपुस्तकात नाही. किंवा हे ट्रिटियम संमीलनातून आलेलंच नाही. शिवाय न्यूट्रॉन संथपणे न येता गुच्छानं येत होते. कधी वीस मिलिसेकंदांच्या आत शंभरावर. यालाही दोन अर्थ. धातूत अचानक काही स्फोटासारखं होत असेल, किंवा वैश्विक किरणांचा वर्षाव यंत्रावर येऊन गेला असेल.

दुसरा प्रश्न यंत्रांचा. मंद न्यूट्रॉन मोजायला वापरतात त्या बीएफ-३ नळ्यांना फार जास्त विद्युतदाब लागतो. हवा दमट असली की जोडणीपाशी वीज झिरपते आणि न्यूट्रॉन नसतानाही ठोके पडतात. मुंबईच्या हवेत ही शंका कुणालाही सुचावी. दोन वेगळ्या तत्त्वांची यंत्रं ठेवण्याचं महत्त्व इथं कळतं. एकाला ओल बाधेल, दोन्हींना एकाच क्षणी सारखीच बाधेल हे कठीण.

तिसरा प्रश्न सगळ्यांत बोचरा. ट्रॉम्बेला ट्रिटियम मोजता येतं, कारण तिथं ट्रिटियम आहे. भट्ट्या आहेत, भट्ट्यांतलं पाणी आहे, त्यावर काम करणारी माणसं आहेत. मग प्रयोगाच्या भांड्यात थोडं बाहेरून आलं नसेल कशावरून? ज्या कौशल्यामुळे त्यांची साक्ष मोलाची ठरत होती, त्याच कौशल्यामुळे ती संशयास्पदही ठरत होती. या साऱ्या इतिहासातला पेच मला इथं दिसतो.

न्यायानं सांगायचं तर त्यांनी हे ओळखलं होतं. सुरुवातीच्या जड पाण्यात किती ट्रिटियम आहे ते आधीच मोजलेलं होतं. विद्युतविघटनात हलका वायू आधी निघून जातो आणि मागे ट्रिटियम थोडं दाट होतं, हा परिणामही माहीत होता. पण त्यानं हजारो पट वाढ होत नाही. तरीही बाहेरच्या माणसाला 'आमचं पाणी शुद्ध होतं' हे शब्दावर मानावं लागत होतं. अमेरिकेत टेक्सासच्या एका विद्यापीठात ट्रिटियम सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा तिथंही हाच वाद पेटला. त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या संशोधकाला नंतर असं दिसलं, की विकत आणलेल्या काही पॅलेडियममध्येच आधीपासून ट्रिटियम होतं.

किल्लारीचा हेलियम

तुमच्याच भागातलं एक उदाहरण देतो. १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे एनजीआरआयच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीला जमीन जिथं फाटली होती तिथल्या मातीतली हवा तपासली. तिच्यात हेलियमचं प्रमाण विलक्षण जास्त निघालं. १९९४ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते छापून आलं.

हेलियम सापडला, मग किल्लारीच्या खाली अणुसंमीलन चालू होतं असं कुणी म्हटलं का? नाही. कारण त्याचा उगम माहीत आहे. खोल खडकांत युरेनियम आणि थोरियम अगदी थोड्या प्रमाणात असतं. त्यांच्या किरणोत्सारातून कोट्यवधी वर्षं हेलियम साठत आलेला आहे. भेगेनं त्याला वर यायला वाट करून दिली. राख खरी होती, मोजणीही खरी होती, आणि निष्कर्ष ती राख कुठून आली यावर ठरला.

पुढे कोल्ड फ्युजनच्या काही संशोधकांनी उष्णतेबरोबर हेलियम-४ सापडल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांना हाच प्रश्न विचारला गेला. आपण श्वास घेतो त्या हवेतही दहा लाखांत पाच भाग हेलियम असतोच. भांड्याला बारीक गळती असली तरी पुरे.

काम विरलं कसं?

१९९० मध्ये अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि बीएआरसीचं संचालकपद आर. चिदंबरम यांच्याकडे आलं. जगात तोवर वारं फिरलं होतं. मोठ्या नियतकालिकांनी या विषयाला दार बंद केलं. कोल्ड फ्युजनवर काम करतो म्हणणं कुठल्याही तरुण शास्त्रज्ञाला जड जाऊ लागलं. ट्रॉम्बेचे गट एकेक करून आपापल्या मूळ कामाकडे परतले. श्रीनिवासन आणि काही सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत थोडे प्रयोग चालू ठेवले. निकेल आणि साध्या पाण्यावरचेही केले. पण १९८९ चा तो पन्नास जणांचा जोर परत आला नाही.

इतिहास लिहिणारा माणूस म्हणून मला इथं अडखळायला होतं. सुरुवातीला जाडजूड अहवाल आहे. विभागवार लेख आहेत, आलेख आहेत, आकडे आहेत. शेवटाला तसा अहवाल नाही. 'आम्ही पुन्हा करून पाहिलं, आलं' किंवा 'आलं नाही, आधीचं ट्रिटियम अमुक वाटेनं आलं होतं', यांपैकी एकही वाक्य त्याच ताकदीनं, त्याच पन्नास जणांच्या सहीनं लिहिलेलं नाही. हारवेलनं नकाराचा निकाल सविस्तर छापला. बर्लिनच्या दोघांनी १९२७ मध्ये हेलियम काचेतून आला हे शोधून काढलं आणि स्वतःच छापलं. आपल्याकडे प्रश्न सुटला नाही आणि फेटाळलाही गेला नाही. तो फाइलबंद झाला.

आणि याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागली. ज्यांना विश्वास होता ते आजही बीएआरसी-१५०० कडे बोट दाखवून म्हणतात, बघा, एवढ्या मोठ्या संस्थेनं सिद्ध केलं होतं. ज्यांना विश्वास नव्हता ते म्हणतात, थांबवलं म्हणजे काही नव्हतंच. दोघांचीही वाक्यं पुराव्याच्या पलीकडे जातात.

नंतरची तीस-पस्तीस वर्षं

या क्षेत्राचं नाव बदललं. 'कोल्ड फ्युजन' हा शब्द बदनाम झाल्यामुळे संशोधक 'लो एनर्जी न्यूक्लिअर रिअ‍ॅक्शन्स' म्हणू लागले. २००४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं पुन्हा आढावा घेतला. जास्तीच्या उष्णतेबद्दल तज्ज्ञांत मतभेद राहिले. फेब्रुवारी २०११ मध्ये या विषयाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईला भरली, तिच्यामागे श्रीनिवासनच होते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला अय्यंगार गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये 'करंट सायन्स'नं या विषयावर खास विभाग काढला, श्रीनिवासन आणि अँड्र्यू म्युलेनबर्ग यांच्या संपादनाखाली. किल्लारीचा हेलियम जिथं छापून आला होता, तेच हे नियतकालिक.

मग आला गूगलचा प्रयोग. या कंपनीनं २०१५ पासून जवळपास तीस संशोधकांना पैसा दिला, साधारण एक कोटी डॉलर. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं, की कोल्ड फ्युजनचा कुठलाही पुरावा आम्हाला मिळाला नाही. मात्र धातूत हायड्रोजन ठासून भरणं किती कठीण आहे आणि उष्णता नेमकी कशी मोजावी, याबद्दल पुष्कळ शिकायला मिळालं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एआरपीए-ई या सरकारी संस्थेनं आठ प्रकल्पांना मिळून एक कोटी डॉलर दिले. प्रश्न एकच विचारायचा होता : हो की नाही, कायमचं सांगा. २०२५ मध्ये कॅनडातल्या एका गटानं दाखवलं, की पॅलेडियममध्ये विजेच्या साह्यानं ड्यूटेरियम भरलं आणि वरून ड्यूटेरियमचा मारा केला, तर संमीलनाचा वेग सुमारे १५ टक्के वाढतो. हे युटासारखं नव्हे. इथं मारा करायला जी वीज लागते तिच्यापुढे मिळणारी ऊर्जा नगण्य आहे. पण त्यांनी मोजली ती राख, न्यूट्रॉन. ट्रॉम्बेनं निवडलेला रस्ता चुकीचा नव्हता, एवढं यावरून म्हणता येतं. ट्रॉम्बेचे आकडे बरोबर होते, असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

माझं मत

ट्रॉम्बेत १९८९ साली जे झालं ते विज्ञान होतं. योग्य प्रश्न विचारला, योग्य वस्तू शोधली, सापडलेलं नाव घालून छापलं. पण साक्षीदार एकाच घरातले राहिले. दहा गट होते, पण एकाच कुंपणाच्या आत. हवा एक, पाणी एक आणि संशयाची जागाही एकच. ट्रिटियम नसलेल्या दूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत तीच नळी, तीच चकती पाठवून तोच आकडा आला असता, तर आज आपण वेगळं बोलत असतो. आला नसता तरीही वेगळं बोलत असतो. ते झालं नाही. म्हणून माझा निकाल असा : सिद्ध नाही, आणि खोटं ठरवूनही संपवलेलं नाही. असा निकाल सांगताना ऐकणाऱ्याचं समाधान होत नाही, हे मला माहीत आहे. पण कागदावर जेवढं आहे तेवढंच सांगता येतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, आमच्याकडे मोटारीला वीज रात्रीची मिळते. ही बरणीतली वीज आमच्या हयातीत येईल का?

उत्तर : तिच्या भरवशावर राहू नका. आजपर्यंत जगात कुठेही या पद्धतीनं एका घराचा दिवाही नियमित जळालेला नाही. या भागाला ऊन आणि वारा भरपूर आहे; त्यांचा हिशेब आज मांडता येतो. आणि कुणी पाण्यावर किंवा हायड्रोजनवर फुकट चालणारं यंत्र घेऊन आलं, आगाऊ पैसे मागायला लागलं, तर त्याला एवढंच सांगा : यंत्र इथं ठेव, आमचं मीटर लाव आणि महिनाभर तू हात लावू नकोस.

प्रश्न : मग ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी लोकांना फसवलं असं म्हणायचं का?

उत्तर : मुळीच नाही. फसवणारा माणूस तपशील लपवतो. त्यांनी यंत्राची कंपनी, द्रव, धातू, मोजणीची पद्धत, सगळं छापलं. त्यामुळेच तर पस्तीस वर्षांनी आपण इथं बसून त्यातल्या शंका काढू शकतो. चूक असण्याची शक्यता आहे. फसवणूक हा वेगळा आरोप आहे, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. जे सापडलं नाही ते लिहून ठेवून काय उपयोग?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. किल्लारी परिसरात १९९२ मध्येही बारीक धक्के बसले होते, हे तुझ्या घरातल्या मोठ्या माणसांना विचार. मोठ्या भूकंपानंतर अभ्यासकांना त्या आधीच्या नोंदींचा आधार झाला. ज्या दिवशी त्या लिहिल्या, त्या दिवशी त्यांचा अर्थ कुणालाच लागलेला नव्हता. प्रात्यक्षिकाच्या वहीत तुझं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं, तर पुस्तकातला आकडा उतरवू नकोस. आलेला आकडा लिही. तारीख घाल, हवा कशी होती ते लिही, कुठलं यंत्र होतं ते लिही. आणि प्रयोग सोडून दिलास तर का सोडलास, तेही त्याच वहीत लिही.